सर दोराबजी आणि अनवाणी पळणारी पोरं

रविवारी पहाटे साताऱ्याहून कासकडे निघालात, तर यवतेश्वरच्या घाटात तुम्ही एकटे नसता. अंधार पुरता फिटलेला नसतो, पण वळणावळणावर माणसे धावताना दिसतात. कोणी डॉक्टर, कोणी बँकेतला अधिकारी, कोणी शाळेतली शिक्षिका. अधूनमधून डोक्यावर शिरस्त्राण घातलेला सायकलस्वार घाट चढत येतो. तिकडे सांगलीला कृष्णेच्या घाटावरही याच वेळी पोहणाऱ्यांची वर्दळ असते. २०१२ पासून साताऱ्यात डोंगरावरची अर्धमॅरेथॉन भरू लागली आणि धावण्याचे हे वेड घरोघर पोचले. त्यातले काहीजण पुढे ‘आयर्नमॅन’च्या वाटेला लागतात. ३.८ किलोमीटर पोहायचे, लगेच १८० किलोमीटर सायकल मारायची आणि त्यानंतर ४२ किलोमीटरांची पूर्ण मॅरेथॉन धावायची, अशी ही तिहेरी शर्यत. १९७८ साली हवाई बेटांवर ती पहिल्यांदा झाली, तेव्हा सुरुवातीच्या रेषेवर अवघे पंधरा स्पर्धक होते. जाणकार सांगतात की तिची खरी परीक्षा शेवटच्या टप्प्यात असते. पोहून आणि सायकल मारून पायांत काही उरलेले नसते, आणि नेमकी तेव्हा मॅरेथॉन समोर उभी राहते.

या मॅरेथॉनशी आपल्या मुलखाची ओळख मात्र बरीच जुनी आहे. साताऱ्याच्या एका तरुणाने ती ऑलिंपिकमध्ये धावून पाहिली, त्याला शंभर वर्षे उलटून गेली. १९२० साली अँटवर्पच्या रस्त्यांवर साताऱ्याचे सदाशिव दातार आणि बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे दोघे भारताकडून मॅरेथॉनला उभे राहिले. त्यांना तिथवर नेणारा माणूस मात्र शेतकरीही नव्हता आणि धावपटूही. तो होता मुंबईतला साठीचा पारशी उद्योगपती, सर दोराबजी टाटा.

दोराबजींची ओळख बहुतेकांना जमशेटजींचे थोरले चिरंजीव आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याचे कर्ते म्हणून असते. ती बरोबरच आहे. पण खेळाचे वेड हा त्या माणसाच्या स्वभावाचा गाभा होता. २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. विशीत येण्याआधीच शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १८७७ ते १८७९ अशी दोन वर्षे केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात होते. तिथे अभ्यास किती झाला हा भाग वेगळा. क्रिकेट आणि फुटबॉल मात्र ते महाविद्यालयाकडून खेळले. टेनिस खेळले, नाव वल्हवली, घोड्यावर पक्की मांड बसवली. त्या काळच्या इंग्रजी विद्यापीठांत मैदान हा शिक्षणाचाच भाग मानला जाई. ही समजूत त्यांनी मनापासून उचलली आणि पुढे आयुष्यभर बाळगली.

मुंबईला परतल्यावर सेंट झेवियर्समधून १८८२ साली ते पदवीधर झाले. दोन वर्षे ‘बॉम्बे गॅझेट’ या पत्रात बातमीदारी केली आणि मग वडिलांच्या पेढीत शिरले. पण मन मैदानावर होते. मुंबईतल्या शाळांच्या मुलांनी एकमेकांशी धावण्याच्या शर्यती लावाव्यात म्हणून त्यांनी खटपट केली. आज आंतरशालेय स्पर्धा हा शब्द आपल्याला इतका सवयीचा आहे की त्यामागे कोणाला तरी उंबरे झिजवावे लागले असतील, हे ध्यानात येत नाही.

लग्न त्यांनी उशिरा, चाळिशीच्या उंबरठ्यावर केले. पत्नी मेहेरबाई म्हैसूरचे शिक्षणाधिकारी होरमसजी भाभा यांच्या कन्या. अणुशास्त्रज्ञ होमी भाभांच्या त्या आत्या. त्यासुद्धा खेळाडू होत्या आणि साडी नेसून टेनिसच्या स्पर्धा जिंकत. या जोडप्याला मूल झाले नाही.

१९०४ साली जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले आणि पोलादाचे अर्धे राहिलेले स्वप्न दोराबजींच्या अंगावर आले. लोखंडाचा शोध त्याआधीच सुरू होता. अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड यांच्याबरोबर आपल्या चांदा जिल्ह्याच्या रानात बैलगाडीतून हिंडणे त्यांनी अंगावर घेतले होते. तिथे मनाजोगे काही हाती लागेना, म्हणून तसे सरकारला सांगायला ते नागपूरला गेले. भेटायचे अधिकारी जागेवर नव्हते. वेळ घालवायला दोराबजी समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले आणि तिथल्या भूगर्भाच्या नकाशावर दुर्ग जिल्ह्यातला एक गडद ठिपका त्यांच्या नजरेस पडला. तिथून पुन्हा शोध सुरू झाला. दुसऱ्यांना न दिसणारी गोष्ट सहज फिरताना दिसावी, असा काही गुण या माणसात होता. पुढे पुण्यात तेच झाले, म्हणून ही हकिगत सांगितली.

जमशेदपूरला १९१२ साली पोलाद निघाले. १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज मिळू लागली. साताऱ्याच्या पश्चिमेला कोयनेच्या पाण्यावर वीज करता येईल का, याचीही टाटा मंडळींनी पाहणी केली होती. ते काम व्हायला मात्र स्वातंत्र्य उजाडावे लागले. १९१० सालीच दोराबजी ‘सर’ झाले होते. आता या मानमरातबाच्या माणसाला पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने आपले अध्यक्ष केले.

१९०६ साली स्थापन झालेला हा जिमखाना म्हणजे पुण्याच्या देशी मंडळींचे मैदान. साहेबांच्या क्लबात जाता येत नाही, तर आपले आपण खेळू, असा त्यामागचा ताठा. १९१९ साली जिमखान्याने मैदानी शर्यती भरवल्या आणि त्यासाठी दोराबजी पुण्यात आले. त्यांनी जे पाहिले ते केंब्रिजच्या नजरेला चक्रावून टाकणारे होते. मैदान लहान, त्यावर रूळ न फिरवलेले खडबडीत गवत. शंभर यार्डांची शर्यत सरळ रेषेत धावायची असते. इथे ती वळणावरून आणि तीही धावपट्ट्या आखणाऱ्या दोऱ्या न बांधता धावायचे घाटत होते. स्पर्धक बहुतेक शेतकऱ्यांची मुले. दिवसभर रानात राबणारी, साधे अन्न खाणारी. युरोपातले नियम त्यांच्या कानावर नव्हते आणि शास्त्रशुद्ध सराव म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. पळायचे म्हणजे पळायचे, त्यात आणखी शिकायचे काय, असा सगळा मामला.

दुसरा एखादा बडा पाहुणा इथे हसला असता, बक्षिसे वाटून संध्याकाळच्या गाडीने मुंबईला परतला असता. दोराबजींनी घड्याळ काढले. काही शर्यतींच्या वेळा पाहून ते थबकले, कारण त्या परदेशातल्या नावाजलेल्या खेळाडूंच्या फार मागे नव्हत्या. शर्यतींचा कळस व्हायचा होता तो लांब पल्ल्याच्या धावण्यात. सुमारे पंचवीस मैलांची ही दौड, आणि तिला नाव मॅरेथॉनचेच दिलेले. गावागावांतून माणसे तीच बघायला लोटलेली. मुले अनवाणी धावत होती, तीही खडी दाबून केलेल्या टणक रस्त्यावर. डांबराचे गुळगुळीत रस्ते अजून यायचे होते. तरीही त्यांनी घेतलेला वेळ पाहून दोराबजी चकित झाले.

याची कारणे आज सांगता येतात. लहानपणापासून जनावरांमागे आणि शेताच्या वाटेने रोज कित्येक मैल चालणाऱ्या मुलाचे हृदय आणि फुप्फुसे आपोआप तयार होतात. तळव्याची कातडी राठ होते, घोट्याचे आणि पोटरीचे स्नायू चिवट होतात. अनवाणी माणूस टाच आपटत धावत नाही, पाऊल हलके टाकतो. आजचे आयर्नमॅनवाले ज्याला पाया घालणे म्हणतात आणि ज्यासाठी महिनोन्‌महिने सावकाश, लांब धावतात, तो पाया या मुलांना घरच्या गरिबीने घालून दिला होता. नव्हते ते पुढचे शिक्षण. पहिल्या दहा मैलांत किती जोर राखून ठेवायचा, चढावर पाऊल कसे आखडायचे, थंड हवेत अंग कसे गरम ठेवायचे, अनोळखी गर्दीत आपली गती कशी सोडायची नाही, या गोष्टी रानात शिकता येत नाहीत.

दोराबजींनी तिथल्या तिथे मनाशी ठरवले. यांतले तीन धावपटू पुढच्या वर्षीच्या अँटवर्प ऑलिंपिकला पाठवण्याची व्यवस्था करायची तयारी त्यांनी संयोजकांकडे दाखवली. चांगले अन्न आणि इंग्रज शिक्षकांच्या हाताखाली सराव मिळाला तर ही मुले देशाचे नाव राखतील, असा त्यांचा होरा होता. पुण्याच्या राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींना एवढ्यावर समाधान कुठले? तीनच का, पुरता संघ पाठवू, असा त्यांनी आग्रह धरला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीकडे खटपट झाली आणि १९२० साली भारताला प्रवेश मिळाला. देश पारतंत्र्यात, पण ऑलिंपिकच्या मैदानावर भारत या नावाने उभा राहणार होता. खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी स्वतःच्या खिशातून उचलला.

संघात सहा खेळाडू. बंगालचे पूर्मा बॅनर्जी कमी अंतराच्या धावण्यासाठी, हुबळीचे एक धावपटू, मॅरेथॉनसाठी चौगुले आणि दातार, आणि कुस्तीसाठी कुमार नवले आणि रणधीर शिंदे. नकाशा पुढ्यात घेऊन बघा. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी ही सगळी गावे एकाच हमरस्त्यावर आहेत. बॅनर्जी सोडले तर भारताचा हा पहिला संघ जवळजवळ त्या एका रस्त्यानेच तयार झाला होता.

बोटीचा प्रवास, इंग्लंडात काही आठवडे सराव, आणि मग अँटवर्प. शहर नुकत्याच संपलेल्या महायुद्धातून सावरत होते. पाऊस हटत नव्हता, स्टेडियममधली धावपट्टी जड झालेली. २२ ऑगस्टला मॅरेथॉन झाली. तिचे अंतर तेव्हा आजच्यासारखे पक्के ठरलेले नव्हते. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरांचा निघाला, आणि ऑलिंपिकच्या इतिहासातली ती सर्वांत लांब मॅरेथॉन ठरली. पुण्यातल्या पंचवीस मैलांपेक्षा ती दीड मैलाने जास्त होती. शेवटचा दीड मैल कसा असतो हे यवतेश्वरचा घाट चढणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

शर्यत जिंकली ती फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेन यांनी. व्यवसायाने गवंडी. आठ वर्षांपूर्वी स्टॉकहोमला त्यांनी तीन सुवर्णपदके मिळवली होती, आणि हिवाळ्यात बर्फावरून मैलोगणती घसरत जाण्याचा देशी व्यायाम त्यांच्या अंगात मुरलेला होता. त्यांना २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंद लागली. एस्टोनियाचे लॉसमन अवघ्या तेरा सेकंदांनी मागे राहिले. तिसरे आलेले इटलीचे आर्री यांनी रेषा ओलांडल्यावर आनंदाने कोलांट्या मारल्या. आणि एकोणिसाव्या क्रमांकावर बेळगावचे फडेप्पा चौगुले आले, २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत. सदाशिव दातार मात्र शर्यत पुरी करू शकले नाहीत. निकालात त्यांच्या नावापुढे वेळेचा आकडा नाही.

घरी परतल्यावर या कामगिरीचे फार कौतुक झाले नाही. पदक कोणालाच नव्हते. शिंदे कुस्तीत चौथे आले होते, म्हणजे पदकापासून एका लढतीवर अडले होते, पण चौथ्याला कोण विचारतो? खरे तर एकोणिसावा क्रमांक ही किती मोठी गोष्ट होती ते कळायला फार वर्षे जावी लागली. १९७६ साली माँट्रियलला शिवनाथ सिंग अकरावे आले. तोवर, म्हणजे छप्पन्न वर्षे, ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये चौगुल्यांच्या पुढे एकही भारतीय गेलेला नव्हता.

आणि दातारांच्या बाबतीत मला नेहमी वाटते की अर्ध्यावर थांबलेल्याची कथा आपण फार लवकर मिटवून टाकतो. त्या दिवशी सुमारे पन्नास जण धावायला उभे होते आणि त्यांतल्या तेरा-चौदा जणांनी शर्यत सोडली. त्यांत युरोपातले पट्टीचे धावपटूही होते. सरावाचे शास्त्र तेव्हा खुद्द युरोप-अमेरिकेतही बाल्यावस्थेत होते. मॅरेथॉनवाल्याने भरपूर चालावे, धावताना पाणी पिऊ नये, अशा समजुती पक्क्या होत्या. १९०४ च्या ऑलिंपिकमध्ये तर विजेत्याला वाटेत ब्रँडी आणि कुचल्याचे सत्त्व पाजत पाजत शेवटपर्यंत आणले होते. अशा काळात साताऱ्याच्या कोरड्या हवेतल्या तरुणाने काही आठवड्यांत परका आहार, परका रस्ता आणि परका गारठा पचवायचा होता. आज आयर्नमॅनची तयारी करणारा माणूस वर्ष-वर्ष आधी तक्ता आखतो. किती खायचे, किती मीठ घ्यायचे, नाडी कितीवर ठेवायची, सगळे टिपून ठेवतो. दातारांकडे यातले काहीच नव्हते.

दोराबजींची उडी इथे थोडी तोकडी पडली असे म्हणायला हवे. त्यांनी ओळखले बरोबर, पैसा घातला, देशाला प्रवेश मिळवून दिला. पण शिकवणारे लोक इथे, या मुलांच्या गावाजवळ तयार व्हायला हवे होते, आणि ते एका माणसाच्या थैलीने होणारे काम नव्हते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकलाही त्यांनी संघ पाठवायला मदत केली. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली तेव्हा ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी ते पद पतियाळाच्या महाराजांकडे गेले, अँमस्टरडॅमला हॉकीचे सुवर्ण आले आणि देशाचे सगळे लक्ष हॉकीने खेचून घेतले. लांब पल्ल्याचे धावणे मागे पडले ते पडलेच.

या चरित्राला एक दुसरी बाजूही आहे आणि मराठी वाचकाला ती टाळता येणार नाही. अँटवर्पहून संघ परतला, त्याच्या पुढच्याच वर्षी मुळशीचा सत्याग्रह पेटला. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांच्या जमिनी जाणार होत्या. १९२१ ते १९२४ पर्यंत हा लढा चालला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि शेवटी भातखाचरे पाण्याखाली गेलीच. पेढीचे प्रमुख दोराबजीच होते. ज्या मातीतल्या पोरांच्या पायांचे त्यांनी पुण्यात कौतुक केले, त्याच मातीतली गावे त्यांच्या कंपनीने उठवली. हे एकाच माणसाच्या हातून एकाच काळात झाले. त्यांना त्यात विसंगती वाटली असेल असे नाही. वीज म्हणजे देशाची प्रगती आणि ऑलिंपिक म्हणजे देशाचा मान, दोन्हीकडे ते देशाचेच काम करत होते अशी त्यांची समजूत असणार. पण मुळशीच्या शेतकऱ्याला ती पटण्यासारखी नव्हती.

स्वतःच्या संपत्तीबाबत मात्र त्यांनी हात आखडता घेतला नाही. १९२४ साली पोलाद कारखाना बुडायला आला, कामगारांचे पगार द्यायला पैसा नव्हता. तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण टाकली. त्यात मेहेरबाईंचा प्रसिद्ध ज्युबिली हिराही होता. आकाराने तो कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. कारखाना वाचला.

१९३१ साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. इंग्लंडमधल्या ब्रुकवूड इथे त्यांचे दफन झाले. दोराबजी खचले. पुढच्या वर्षी त्यांनी आपली सारी मालमत्ता, अगदी गळपट्ट्याला लावायच्या मोत्याच्या टाचणीपर्यंत, एका विश्वस्त निधीच्या नावे केली. मुंबईचे टाटा कर्करोग रुग्णालय आणि समाजविज्ञान संस्था यांमागे तोच पैसा आहे. साताऱ्या-सांगलीकडच्या किती घरांनी परळच्या त्या रुग्णालयाच्या पायऱ्या चढल्या असतील, त्याची मोजदाद नाही. पत्नीच्या समाधीकडे जायला म्हणून ते युरोपला निघाले आणि वाटेतच ३ जून १९३२ रोजी जर्मनीत बाड किसिंगेन इथे वारले. वडीलही जर्मनीतच गेले होते. ब्रुकवूडच्या त्याच दफनभूमीत दोराबजींना मेहेरबाईंशेजारी ठेवले.

त्यानंतर वीस वर्षांनी कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. प्रवासखर्चासाठी खाशाबांनाही दारोदार फिरावे लागले, आणि कोल्हापुरात प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी आपले घर गहाण टाकले. २०१६ साली माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओला अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. दुष्काळी माणच्या त्याच खडकाळ रस्त्यांवर लहानपणी ती धावत असे. तिच्या वेळेला शिक्षक होते, सराव शिबिरे होती, पायांत बूटही होते.